द्राक्षातील मिब जनुककुलाचा अभ्यास कसा करावा : थॉम्पसनच्या गुलाबी मण्यांच्या निमित्ताने

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातील एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘द्राक्षातील एमवायबी (मिब) या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरांच्या, म्हणजे इतर जनुके चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांच्या, जनुककुलाचा अभ्यास हा माझा विषय ठरला आहे. संदर्भ जीनोममधून या कुलातील जनुके शोधून झाली, वंशवृक्ष काढला, प्रमोटरमधील, म्हणजे जनुकाआधीच्या नियंत्रक भागातील, खुणा मोजल्या आणि आधीच उपलब्ध असलेल्या आरएनए सीक्वेन्सिंगवरून कोणते जनुक कुठे किती चालू आहे हे रंगांत दाखवणारा हीटमॅपही तयार केला. नाशिक भागात थॉम्पसन सीडलेसच्या मण्यांवर काही वर्षी जो गुलाबी रंग येतो, त्याच्याशी हे काम जोडायची इच्छा आहे. आता यातली कोणती जनुके निवडावीत आणि पुढे काय केले म्हणजे काम पक्के होईल?’

माझे उत्तर आधीच सांगतो. जनुके निवडण्याचा निर्णय वंशवृक्षाकडे किंवा हीटमॅपकडे पाहून घेऊ नका, गुलाबी मण्याकडे पाहून घ्या. तुम्ही केलेले काम वाया गेलेले नाही, ते आवश्यकच होते. परंतु ते घराच्या पायासाठी खणलेल्या चरासारखे आहे, भिंत अजून उभी राहायची आहे. द्राक्षाच्या रंगाचा जो शोध गेल्या पंचवीस वर्षांत लागला, त्यात निर्णायक ठरलेली एकही गोष्ट नुसत्या कुलाच्या यादीत दिसली नसती. म्हणून तो इतिहास थोडा तपशिलाने सांगतो आणि मग तुमच्या प्रश्नाकडे येतो.

प्रथम कुलाविषयी. बोलताना आपण ज्याला ‘मिब’ म्हणतो त्या प्रथिनांची ओळख म्हणजे डीएनएला चिकटणारा, सुमारे ५० ते ५३ अमिनो आम्लांचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. अशा प्रत्येक तुकड्यात ठरावीक अंतरावर तीन ट्रिप्टोफॅन असतात आणि वनस्पतींत सर्वाधिक आढळणाऱ्या आर२आर३ गटात तिसऱ्या क्रमांकाच्या तुकड्यातील पहिल्या ट्रिप्टोफॅनच्या जागी बहुधा फेनिलॲलानिन किंवा आयसोल्यूसिन असते. वनस्पतींमधील पहिले मिब जनुक १९८७ मध्ये मक्यात सापडले आणि तेही दाण्याच्या रंगाचेच होते. ॲरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीत आर२आर३ गटाची १२६ जनुके मोजली गेली आहेत. द्राक्षाचा पीएन४००२४ या जवळजवळ समयुग्मी (प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेल्या) वेलीचा जीनोम फ्रान्स आणि इटलीच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तो डीएनएच्या सुमारे ४८.७ कोटी अक्षरांचा होता आणि त्यात ३०,४३४ जनुके नोंदवली होती. त्यावरून २००८ मध्ये द्राक्षातील आर२आर३ मिब जनुके १०८ असल्याचे प्रसिद्ध झाले आणि जुळणी व नोंदी सुधारल्यानंतर २०१६ मध्ये हाच आकडा १३४ झाला. दरम्यान वेल बदललेली नव्हती, आपली नोंदवही सुधारली होती. त्यामुळे तुमच्या यादीत १२९ आली की १३८ आली, याला स्वतंत्र शोध मानू नका; फरक कशामुळे पडला ते मात्र एकेका जनुकापर्यंत जाऊन सांगा.

हे सांगण्यासाठी यादी हाताने तपासावी लागते. पीफॅम या प्रथिनकुलांच्या माहितीसंग्रहातील पीएफ००२४९ ही प्रोफाइल घेऊन शोध केला की मिबसारखा एकच तुकडा असलेली, पेशीविभाजनाशी संबंधित तीन तुकड्यांची आणि केवळ दुरून साम्य असलेली प्रथिनेही जाळ्यात येतात. प्रत्येक अनुक्रमात दोन पूर्ण तुकडे लागोपाठ आहेत का, ट्रिप्टोफॅन जागच्या जागी आहेत का, हे डोळ्यांनी पाहावे. बहुसंख्य आर२आर३ जनुकांत तीन एक्झॉन (प्रथिनाचा मजकूर असलेले भाग) आणि दोन इंट्रॉन (मधले वगळले जाणारे भाग) असतात आणि त्या इंट्रॉनच्या जागाही बऱ्याच प्रमाणात ठरलेल्या असतात. एखाद्या जनुकाची रचना यापासून फार वेगळी दिसली, तर बहुतेक वेळा तो निसर्गाचा चमत्कार नसून संगणकाने दोन शेजारची जनुके एकत्र जोडल्याचा किंवा एकाचे दोन तुकडे केल्याचा परिणाम असतो. लागोपाठ प्रती असलेल्या भागात ही चूक सर्वाधिक होते, आणि दुर्दैवाने रंगाची जनुके नेमकी अशाच भागात आहेत.

आता रंगाची कथा. काळ्या आणि लाल द्राक्षांच्या सालीत अँथोसायनिन ही रंगद्रव्ये असतात. ती तयार करणाऱ्या साखळीतील बहुतेक विकरांची जनुके पांढऱ्या जातींतही कमीअधिक चालू असतात, परंतु शेवटच्या टप्प्यावरील यूएफजीटी हे जनुक पांढऱ्या जातींच्या सालीत चालू होत नाही, असे १९९६ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील कामातून दिसले होते. विकराचे जनुक स्वतः धडधाकट असूनही बंद असेल, तर त्याला चालू करणारा कोणीतरी गप्प आहे, हा तर्क तिथून निघाला. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी तो गप्प असणारा कोण आहे हे दाखवले. मिबए१ या जनुकाच्या प्रमोटरमध्ये, म्हणजे जनुकाच्या अगदी दारात, ग्रेट१ नावाचा सुमारे दहा हजार अक्षरांचा रेट्रोट्रान्सपोझॉन, म्हणजे स्वतःची प्रत काढून जीनोममध्ये दुसरीकडे शिरणारा डीएनएचा तुकडा, येऊन बसला होता. प्रथिनाचा मजकूर शाबूत होता, पण तो वाचलाच जात नव्हता.

पुरावा पूर्ण केला तो एका नैसर्गिक उलट घटनेने. ‘इटालिया’ या पांढऱ्या जातीच्या वेलीवर फुटलेल्या लाल फुटव्यातून (अचानक वेगळे गुण घेऊन आलेल्या फांदीतून) ‘रुबी ओकुयामा’ ही जात आली आणि ‘मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया’पासून ‘फ्लेम मस्कत’. या दोन्ही लाल रूपांत ग्रेट१ चा मधला भाग निघून गेला होता आणि टोकाची एकच पुनरावृत्त पट्टी मागे राहिली होती. दारातला अडसर निघताच जनुक पुन्हा बोलू लागले आणि मण्याला रंग आला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण तो माणसाने केलेला नव्हता. बागेत कोणाच्या तरी नजरेने एक वेगळी फांदी टिपली आणि ती जपून ठेवली, म्हणून पुढे तो पुरावा हाती लागला.

तरीही एक कोडे राहिले होते. मिबए१ च्या शेजारी, त्याच दोन क्रमांकाच्या गुणसूत्रावर, मिबए२ हे त्याच्यासारखेच काम करू शकणारे जनुक आहे. एक बंद पडले तर दुसऱ्याने रंग का दिला नाही? २००७ मध्ये उत्तर मिळाले : पांढऱ्या जातींतील मिबए२ मध्ये स्वतंत्रपणे दोन बिघाड आहेत. एकाने डीएनएला चिकटणाऱ्या भागातील अमिनो आम्ल बदलते आणि दुसऱ्याने वाचनचौकट सरकून प्रथिन तोकडे होते. म्हणजे पांढरे द्राक्ष जन्माला यायला शेजारच्या दोन जनुकांत दोन वेगळ्या तऱ्हेचे बिघाड एकाच पट्ट्यावर, म्हणजे गुणसूत्राच्या एकत्रच वारशाने येणाऱ्या भागावर, जमावे लागले. तपासलेल्या ५५ पांढऱ्या जातींपैकी प्रत्येकीत हाच पट्टा आढळला, म्हणून जगातील पांढऱ्या द्राक्षांचे मूळ एक असावे असे मानले जाते.

आता तुमच्या हीटमॅपकडे पाहा. त्यात मिबए१ आणि मिबए२ या दोन रांगा असतील. त्या रांगांवरून ग्रेट१ दिसत नाही, सरकलेली वाचनचौकट दिसत नाही, आणि वेलीच्या दोन प्रतींपैकी कोणती प्रत बोलते आहे हेही दिसत नाही. संदर्भ जीनोम एका विशिष्ट वेलीचा आहे. तुमच्या शेतातील थॉम्पसनच्या दोन्ही प्रती त्याच्यापेक्षा वेगळ्या असू शकतात. म्हणून कुलाचा अभ्यास फळपिकात करायचा असेल तर संदर्भ जीनोमवर थांबून चालत नाही, आपल्या जातीतील निवडक जनुकांच्या दोन्ही प्रती प्रमोटरसकट वाचाव्या लागतात. सर्व १३४ जनुकांचे तसे करण्याची गरज नाही. दुसऱ्या गुणसूत्रावरील रंगाच्या पट्ट्यापुरते केले तरी पुरे. ग्रेट१ दहा हजार अक्षरांचा असल्याने लांब वाचन देणारे सीक्वेन्सिंग घ्या. छोट्या तुकड्यांनी तो भाग जोडायला गेलात तर पुनरावृत्त पट्ट्यांमुळे जुळणी फसते.

हीच गोष्ट बियांबाबतही घडली आहे, आणि थॉम्पसनवर काम करणाऱ्याला ती माहीत असायला हवी. ज्या जातीला जग सुलताना किंवा किशमिश म्हणते तीच आपली थॉम्पसन. तिच्या बिया न भरण्याचे मुख्य कारण अठराव्या गुणसूत्रावरील एजीएल११ या मॅड्स-बॉक्स कुलातील ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरमध्ये आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानुसार १९७ व्या स्थानावरील आर्जिनिनच्या जागी ल्यूसिन आल्याने हे घडते. मॅड्स-बॉक्स कुलाची कितीही सुबक यादी केली, तरी त्यातून हे एक अक्षर वर आले नसते. बी असलेल्या व नसलेल्या वेली, त्यांच्या संकरातील संतती आणि बी पुन्हा धरणारे फुटवे यांची तुलना केल्यानेच ते सापडले. उलट दिशेचे उदाहरण हवे असेल तर सिसिलीच्या रक्तवर्णी संत्र्याचे घ्या. तिथे ‘रुबी’ या मिब जनुकाशेजारी रेट्रोट्रान्सपोझॉन बसला आणि त्याने जनुक बंद न करता चालू केले, तेही थंडी पडल्यावर. द्राक्षात ज्या तऱ्हेच्या पाहुण्याने दार बंद केले, तशाच पाहुण्याने संत्र्यात ते उघडले. थंडीचा हा मुद्दा तुमच्या प्रश्नाशी थेट भिडतो.

थॉम्पसन आणि तिच्यापासून निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या वाणांत काढणीच्या तोंडावर काही मण्यांवर गुलाबी छटा येते, पुढे तो मणी मऊ आणि पाणचट होतो आणि निर्यातीच्या मालातून बाद होतो. रात्रीचे तापमान एकदम उतरले आणि दिवसा ऊन तापले की हे वाढते, असा बागायतदारांचा अनुभव आहे. निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांखालीही जातो. घडांना कागद गुंडाळण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्यामागे हेही एक कारण आहे. त्या कागदाला आणि त्यासाठी लागणाऱ्या मजुरीला किती खर्च येतो हे शेतकरी जाणतात, म्हणून हा प्रश्न निवडल्याबद्दल मला मनापासून समाधान वाटते.

परंतु या गुलाबी छटेला मिब जनुक जबाबदार आहे, हे आज तुम्ही गृहीत धरले आहे. त्या गृहीतकाच्या आधी दोन पायऱ्या आहेत. पहिली पायरी रसायनाची. गुलाबी सालीतील रंगद्रव्य अँथोसायनिनच आहे का, कोणते आहे आणि किती आहे, हे एचपीएलसी या द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, शक्य असल्यास मास स्पेक्ट्रोमीटरसह, तपासा. पांढऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींतही अत्यल्प प्रमाणात अँथोसायनिन मोजले गेले आहेत, त्यामुळे हिरव्या मण्यांची मोजणी सोबत हवीच. रंग फिनॉलच्या ऑक्सिडीकरणातून येत असेल तर मिबचा सगळा अभ्यास चुकीच्या दाराशी उभा राहील.

दुसरी पायरी बागेतली. गुलाबी मणी एकाच फांदीवर, एकाच वेलीवर, दरवर्षी येतात का? तसे असेल तर तो फुटवा असू शकतो आणि मग पहिला संशय ग्रेट१ वर घ्यावा. त्या फांदीच्या डीएनएमध्ये एकट्या पट्टीची प्रत सापडते का हे एका पीसीआरने (डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवून पाहणाऱ्या चाचणीने) कळते. द्राक्षवेलीचे थर वेगवेगळे असू शकतात, हेही लक्षात ठेवा : काबर्नेट सॉव्हिन्यॉंपासून आलेल्या ‘मालियन’ या तांबूस रूपात रंगाचा पट्टा आतल्या थरातून गळला आहे आणि तिच्यापासून पुढे आलेल्या ‘शॅलिस्टिन’ या पांढऱ्या रूपात तो बाहेरच्या थरातूनही गेला आहे. त्यामुळे पानाचा डीएनए घेऊन सालीविषयी निष्कर्ष काढताना जपावे. याउलट गुलाबी मणी बागभर विखुरलेले असतील, थंडीच्या वर्षी वाढत आणि उबदार वर्षी नाहीसे होत असतील, तर डीएनए तोच असून त्याचे नियमन बदलते आहे असे समजावे. मग प्रश्न असा उरतो : ए१ दारात अडलेले, ए२ तोकडे, तर यूएफजीटीला कोण हाक मारते?

इथे तुमचा वंशवृक्ष खरा उपयोगी पडतो. रंगाशी निगडित उपगटाची सदस्य जनुके फक्त दुसऱ्या गुणसूत्रावर नाहीत. चौदाव्या गुणसूत्रावर ए५, ए६ आणि ए७ अशी आणखी तीन आहेत आणि ती पाने, कोवळे शेंडे अशा भागांतील रंगाशी संबंधित म्हणून ओळखली जातात. थंडीच्या ताणात यांपैकी एखादे सालीत अवेळी जागे होते का, हा तपासण्याजोगा तर्क आहे. दुसरा तर्क दाबणाऱ्या मिब प्रथिनांचा, म्हणजे मिबसी२-एल१ सारख्यांचा. चालू करणारा वाढला नसेल, पण अडवणारा कमी झाला असेल. तिसरा तर्क जोडीदारांचा : मिब एकटे काम करत नाही, बीएचएलएच कुलातील एमवायसी१ सारखे प्रथिन आणि डब्ल्यूडी४० प्रथिन यांच्याशी मिळून ते काम करते. म्हणून निवडायच्या जनुकांत ए गटातील सर्व, दाबणाऱ्यांपैकी दोन-तीन, जोडीदार आणि यूएफजीटी एवढी पुरेत. फ्लॅव्होनॉलचे मिबएफ१, स्टिल्बीनची मिब१४ व मिब१५ ही तुलनेसाठी ठेवा. तीही हलली तर तुमच्यासमोर रंगाचा विशेष परिणाम नसून सर्वसाधारण ताणाचा परिणाम आहे, हे त्यावरून कळेल. दहा-पंधरा जनुके नीट अभ्यासणे हे १३४ जनुके वरवर पाहण्यापेक्षा कष्टाचे आहे, आणि त्याचेच मोल अधिक आहे.

उपगटांच्या नावांवर मात्र फार विसंबू नका. टॅनिन बनवण्याशी संबंधित मिबपीए१ आणि मिबपीए२ यांपैकी दुसरे ॲरॅबिडॉप्सिसच्या टीटी२ या टॅनिनच्याच मिब जनुकाजवळ बसते, पहिले तसे बसत नाही, तरी दोघांचे काम त्याच साखळीवर चालते. चिकटणाऱ्या भागाचे साम्य आणि प्रथिनाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वंशवृक्ष काढताना संपूर्ण प्रथिन घेतले की फक्त तो भाग, हे स्पष्ट लिहा आणि शेपटाकडील विशिष्ट खुणा स्वतंत्र दाखवा.

नमुने घेण्यावर मी सर्वाधिक भर देतो, कारण आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी धरली तरी फळ वर्षातून एकदाच मिळते. नमुना चुकला की वर्ष जाते. मण्यात पाणी उतरण्याची अवस्था रंगीत जातींत रंगावरून ओळखता येते. थॉम्पसनमध्ये ती मण्याच्या मऊपणावरून आणि ब्रिक्सवरून (रसातील साखरेच्या मापावरून) ठरवावी लागते. एका घडातील मणी एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून मणी ब्रिक्सनुसार वेगळे करून गुलाबी व हिरवे मणी समान ब्रिक्सचेच तुलनेला घ्या. नाहीतर तुम्ही रंगाऐवजी पक्वता मोजाल. ही चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे. प्रयोगाचे एकक वेल आहे, मणी नव्हे आणि जनुक किती चालू आहे हे मोजणाऱ्या क्यूपीसीआरच्या ताटलीतील तीन खाचा तर नव्हेतच. वेगवेगळ्या किमान चार-पाच वेली घ्या, रोज एकाच वेळी तोडा, साल तिथेच सोलून बागेतच द्रव नायट्रोजनमध्ये टाका आणि रात्रीचे तापमान बागेतल्याच नोंदयंत्राने नोंदवा. तालुक्याच्या हवामान केंद्राचा आकडा घडाजवळचा नसतो. बागेत जिबरेलिक आम्लाचे डिपिंग केव्हा आणि किती वेळा झाले, डॉगरिजचा खुंट आहे की वेल स्वतःच्या मुळावर आहे, कागद केव्हा लावला, हे सर्व बागायतदाराच्या वहीतून उतरवून घ्या. कागद लावलेले आणि न लावलेले घड एकाच वेलीवर मिळाले तर त्याहून चांगली तुलना दुसरी नाही. सोबत शरद सीडलेससारखी एक रंगीत जात त्याच शिवारातून घ्या, म्हणजे जनुक खरोखर बोलते तेव्हा आकडा किती असतो याचे माप हाती राहील.

द्राक्षाच्या सालीतून आरएनए काढणे त्रासाचे असते, कारण फिनॉल आणि शर्करायुक्त चिकट द्रव्ये सोबत येतात. तयार किट बरेचदा अपुरे पडते. सीटीएबी आणि पीव्हीपी ही रसायने वापरून काढणे आणि लिथियम क्लोराइडने अवक्षेपण करणे ही जुनी पद्धत अजूनही भरवशाची आहे. क्यूपीसीआरसाठी संदर्भ जनुके (सर्व नमुन्यांत सारखीच चालू असणारी, तुलनेची जनुके) युबिक्विटिन, जीएपीडीएच, ॲक्टिन, ईएफ१-अल्फा यांतून आपल्या नमुन्यांवर तपासून किमान दोन निवडा.

प्रायमरबाबत, म्हणजे कोणता तुकडा वाढवायचा हे ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांबाबत, माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गटात मिबए१ साठी केलेले प्रायमर चिकटणाऱ्या भागावर बसवले होते. वितळण-आलेखावर एकच टोक आले, कार्यक्षमता उत्तम आली, आणि आम्ही निश्चिंत झालो. पुढे ते उत्पादन सीक्वेन्सिंगला पाठवल्यावर कळले की त्यात ए१ आणि ए२ या दोन्हींचा मजकूर आहे. लांबी एकच, वितळण्याचे तापमान जवळजवळ एकच, म्हणून टोक एकच दिसले. त्या हंगामाचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागले आणि पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत थांबावे लागले. तेव्हापासून आमचा नियम असा आहे की प्रायमर जनुकाच्या शेवटच्या, भाषांतरित न होणाऱ्या भागावर बसवायचे आणि प्रत्येक उत्पादन एकदा तरी वाचून पाहायचे. हाच धोका आरएनए सीक्वेन्सिंगमध्येही आहे : दोन जनुकांवर सारखेच जुळणारे वाचन तुमचे सॉफ्टवेअर टाकून देते, वाटून देते की पहिल्याला देते, हे पाहिल्याशिवाय ए१, ए२ यांसारख्या शेजारच्या जनुकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. थॉम्पसनमध्ये ए१ चे वाचन ‘थोडेसे’ दिसले, तर ते खरोखर ए१ चे आहे का, हे त्या दोन जनुकांत फरक असलेल्या अक्षरांवर जाऊन पाहावे.

प्रमोटरमधील खुणांविषयी स्पष्ट बोलायला हवे. तुम्ही प्रत्येक जनुकाच्या आधीची २००० अक्षरे घेऊन थंडी, प्रकाश, ॲब्सिसिक आम्ल यांच्या खुणा मोजल्या आहेत. सहा अक्षरांची एखादी ठरावीक खूण निव्वळ योगायोगाने दर ४०९६ अक्षरांमागे एकदा येते. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर मिळून २००० अक्षरांत ती सरासरी एकदा येणारच. याचा अर्थ १३४ प्रमोटरांत सव्वाशेच्या वर खुणा काहीही अर्थ नसताना सापडतील. म्हणून ‘या जनुकात थंडीची खूण आहे, अर्थात ते थंडीला प्रतिसाद देते’ असे वाक्य लिहू नका. जीनोममधील इतर जनुकांच्या तुलनेत ती खूण लक्षणीय अधिक आहे का, हे मोजता येते आणि तेवढेच सांगावे.

कार्याचा पुरावा देताना एक सापळा थॉम्पसनपुरता विशेष आहे. तिच्या ए१ चा मजकूर शाबूत असल्याने तो ३५एस या परक्या प्रमोटरखाली तंबाखूच्या पानात घातला तर रंग येणे अपेक्षितच आहे. त्यावरून थॉम्पसनमध्ये ए१ कार्यरत आहे असा निष्कर्ष काढणे साफ चूक ठरेल, कारण बिघाड मजकुरात नसून दारात आहे, आणि ते दार तर तुम्ही प्रयोगात बदलून टाकलेले असते. तुमच्या कामासाठी योग्य प्रयोग म्हणजे ल्युसिफरेजचा, ज्यात प्रमोटर चालू झाला की प्रकाश मिळतो : यूएफजीटीचा प्रमोटर एका बाजूला आणि संशयित मिब, एमवायसी१ जोडीदारासह, दुसऱ्या बाजूला, सोबत शरदमधील कार्यक्षम ए१ होकारात्मक तुलनेसाठी आणि थॉम्पसनचे तोकडे ए२ नकारात्मक तुलनेसाठी. जोडीदार न घालता आलेला नकार ग्राह्य धरू नका. याच पद्धतीने संशयित जनुकाचा स्वतःचा प्रमोटर, थॉम्पसनमधून वाचलेला, थंडीत ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या ऊतीत तपासता येईल, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच मिळण्याची शक्यता अधिक आहे. जनुक संपादन थॉम्पसनमध्ये अशक्य नाही, तिच्यातील डब्ल्यूआरकेवाय५२ या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरचे संपादन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे; परंतु संपादित रोपाला फळ धरेपर्यंत तुमची शिष्यवृत्ती संपलेली असेल, त्यामुळे प्रबंधात त्याचा भरवसा धरू नका.

जनुकांना नवी नावे देऊ नका. द्राक्षाच्या जनुकनावांचे आंतरराष्ट्रीय नियम २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि रंगाच्या मिब जनुकांना रुळलेली नावे आहेत. गुणसूत्रावरील क्रमाने मिब१ ते मिब१३४ असे नवे क्रमांक दिले की आधीच्या कामाशी तुमचा धागा तुटतो आणि वाचणाऱ्याला दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताळा करत बसावे लागते.

यंदाच्या ऑक्टोबरच्या छाटणीपूर्वी एवढे करा : गेल्या दोन-तीन हंगामांत गुलाबी मणी आलेल्या बागांच्या मालकांना भेटा, नेमक्या कोणत्या ओळीत, कोणत्या वेलीवर आले ते त्यांच्याबरोबर चालत जाऊन विचारा, त्या वेलींना आणि शेजारच्या निरोगी वेलींना पट्ट्या बांधा आणि दोन्हींची पाने, काडी व कोवळे शेंडे डीएनएसाठी वेगवेगळ्या पाकिटांत जमवा. ग्रेट१ ची पीसीआर तपासणी डिसेंबरच्या थंडीआधी सहज उरकेल. तिचा निकाल हाती आला की मण्यांतली जनुके निवडायची की फांद्यांतली, हे तेव्हा ठरवा.